पानमळ्यातील सापसुरळी

पूर्वी वाराणसीत सुकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या राजाच्या पानमळ्यात सापसुरळीच्या कुळात जन्मला. वीतभर लांबी, तांबूस तुळतुळीत पाठ, दोन्ही कुशींवर काळा पट्टा, आणि पाय इतके आखूड की तो सरपटतोच आहे असे वाटावे. एवढ्यावरून लोक त्याच्या जातीला सापाची मावशी म्हणत. सापाला या नात्याची कल्पना नव्हती. मावशी दिसली की तो खुशाल गिळून टाकी.

मळ्यात पांगाऱ्यांवर नागवेली चढलेल्या असत. खाली गार सावली, ओल आणि पाचोळ्याचा जाड थर. त्या पाचोळ्यात बोधिसत्त्व कुळासह राही. सकाळी बांधाच्या दगडावर ऊन खाई, मग वाळवी आणि नाकतोडे वेची. याहून जास्त त्याला काही नको होते.

पानमळ्यात शिरताना राजानेसुद्धा पायांतले काढून ठेवायचे, असा रिवाज होता. वर्षातून एकदा वेल खाली उतरवून त्यांची वेटोळी बुंध्याशी मातीत पुरत. त्या उतरणीच्या तोंडावर राजा मळा पाहायला आला. तेव्हा एक अल्लड सापसुरळी त्याच्या उघड्या पावलावरून सळकन गेली. राजा घाबरला, आणि चारचौघांत घाबरल्याचा त्याला राग आला. उद्या सगळा पाचोळा गोळा करून माझ्यासमोर जाळा, असे त्याने पूर्णक माळ्याला बजावले.

पूर्णकाची बायको रोहिणिका नवऱ्याला म्हणाली, या सापसुरळ्या वाळवी खातात म्हणून आपले वेल उभे आहेत. पूर्णकालाही ते ठाऊक होते. पण राजापुढे बोलायची त्याची छाती झाली नाही.

पाचोळ्याखाली तेव्हा अंडी होती. कुळातले सगळे ओढ्याकाठी निघून जाऊ म्हणू लागले. बोधिसत्त्व म्हणाला, "आपल्याला आखूड का होईना, पाय आहेत. अंड्यांना तेही नाहीत."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर राजा आला. पूर्णकाने खराटा उचलला. इतक्यात बोधिसत्त्व पाचोळ्यातून बाहेर आला आणि सगळ्यांच्या देखत राजाच्या अनवाणी पावलावर चढून बसला. शिपायाने काठी हाणली. शेपटी तुटून बाजूला पडली आणि तिथेच वळवळत राहिली. बोधिसत्त्व पळाला नाही, चावलाही नाही. राजाला पावलावर त्याचे उन्हाने कोमट झालेले पोट धडधडताना जाणवत होते.

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, तुम्ही काल घाबरलात, त्यात तुमचा दोष नाही. पण माझ्या तोंडात विष नाही आणि मनात राग नाही. माझी शेपटी पुन्हा येईल. पाचोळ्याखालची अंडी जळाली, तर पुन्हा येणार नाहीत."

राजाला फार लाज वाटली. साप म्हणून भुई धोपटायला निघालो होतो, असे तो सगळ्यांसमोर म्हणाला. मग त्याने बोधिसत्त्वाला ओंजळीत घेऊन बांधाच्या दगडावर ठेवले. पाचोळा कधीही जाळायचा नाही, उतरणीआधी तो हातांनी सारायचा, अंडी सापडली तर मातीसकट बांधाच्या कडेला ठेवायची आणि बांधाचे दगड हलवायचे नाहीत, अशी त्याने आज्ञा केली. पूर्णकाने खराटा बांधाला टेकवून ठेवला. बाजूला उभी रोहिणिका हसत होती. पुढे बोधिसत्त्वाला नवी शेपटी आली, थोडी आखूड आणि मळकट. तिच्यावरून रोहिणिका त्याला ओळखी आणि तो दिसला की वाट देई.

विहारातल्या भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आज विहाराच्या दारी पाणी देणारा सुदंत. पूर्णक आणि रोहिणिका म्हणजे रोज ताक आणणारे ते गवळी दांपत्य. सापसुरळी मीच होतो."

एका भिक्षूने विचारले, "भगवन्, आणि काठी मारणारा?"

"तो इथेच बसला आहे," शास्ता म्हणाले. "त्याचे नाव मी तेव्हाही विचारले नाही आणि आजही सांगणार नाही. अशा क्षमेला क्षांती म्हणतात."

सभेतल्या प्रत्येकाने खाली आपल्या हातांकडे पाहिले.