छोट्या रहाटाची खुंटी

फार फार मागची गोष्ट. तेव्हा विहिरी खोल होत्या आणि माणसं उथळ नव्हती, असं आपले म्हातारे सांगतात. माणसांबद्दल माझी खात्री नाही. विहिरी मात्र खरंच खोल होत्या.

त्या काळी एका माळावर एक गाव होतं. गावाच्या पारावर गुडघाभर उंचीचा एक लाकडी रहाट ठेवलेला असे. त्याने कुणी पाणी काढत नसे. तो नमुना होता; फिरवून बघायला खाली पाण्याचं एक छोटं टाकं, एवढंच. पंचक्रोशीत कुठेही विहिरीवर रहाट बसवायचा झाला, की तिथला सुतार इथे येई, छोटा रहाट फिरवून बघे, मापं घेई आणि घरी जाऊन तस्साच मोठा रहाट उभा करी. कुणाला विचारायला नको, कुणाला काही द्यायला नको.

रीत एकच होती. रहाटात कुणाला काही सुधारणा सुचली, तर ती आपल्यापुरती ठेवायची नाही. पारावर यायचं आणि छोट्या रहाटात ती करून दाखवायची. छोटा रहाट सांभाळायला गावाने एक राखणदार नेमलेला असे, त्याने ती चारचौघांसमोर फिरवून बघायची. चालली, तर ती सगळ्यांची झाली. पुढे ती मोडली, तर ज्याची त्याने किंवा राखणदाराने दुरुस्ती करायची, बाकी कुणी हात लावायचा नाही. ‘छोट्यात जे, तेच मोठ्यात,’ असं सुतार लोक म्हणत आणि डोळे झाकून तसंच करत.

रहाटावर कुणाचं नाव कोरत नसत. फक्त अक्षय्यतृतीयेला गावच्या रहाटाचं पहिलं पाणी, ज्याने शेवटची सुधारणा केली त्याच्या ओंजळीत घालत. मान काय तो एवढाच.

हा मान बरीच वर्षं सटवाजी सुताराकडे होता. राखणदारही तोच. पूर्वी बैल थांबवून सोडले, की भरल्या मडक्यांच्या भाराने रहाट उलटा फिरे आणि बैल जुंपायचा आडवा वासा गरकन मागे येऊन माणसाला लागे. सटवाजीने चाकाच्या दात्यांमध्ये अडकणारी एक खुंटी बसवली. रहाट पुढे जाई, मागे येत नसे. फिरताना खुंटी कट् कट् वाजे. त्यानंतर कुणाला नवं काही सुचलंच नाही. त्यामुळे दर वर्षी पहिलं पाणी सटवाजीला. होता होता त्याला वाटू लागलं, की हा सण आपलाच आहे.

एका वर्षी सारजा कुंभारीण पारावर आली. रहाटाची मडकी तीच घडवायची. तिने पाहिलं होतं, की विसावा घेऊन बैल पुन्हा निघाले, की भरल्या मडक्यांचा सगळा भार एकदम त्यांच्या खांद्यावर येतो आणि खांदे सोलवटतात. म्हणून तिने छोट्या रहाटासाठी इवली मडकी घडवून आणली होती आणि प्रत्येकाच्या बुडाला एक बारीक भोक पाडलं होतं.

“भोकाच्या मडक्यानं पाणी काढायचं?” सटवाजी खो खो हसला. “मग चाळणीच बांधू की, सारजाबाई!”

“फिरवून तर बघा, सुतारदादा,” सारजा म्हणाली.

चारचौघांसमोर त्याला फिरवावाच लागला. रहाट चालता असताना दोन थेंब गळले, तेवढेच. थांबला, तेव्हा खुंटीने त्याला धरून ठेवलं आणि मडकी आपोआप रिकामी झाली. पुन्हा फिरवला, तर अगदी हलका. एक म्हातारा शेतकरी उठून म्हणाला, “पोरी, माझ्या बैलांना बोलता येत नाही, म्हणून मीच सांगतो. शंभर वर्षं जग.”

त्या अक्षय्यतृतीयेला पहिलं पाणी सारजाच्या ओंजळीत पडलं.

सटवाजी गर्दीत उभा होता. ओंजळ करायची सवय अशी, की त्याचे हात आपोआप पुढे झाले. ते त्याने चटकन पाठीमागे नेले. कुणी पाहिलं नव्हतं, पण आपल्याला सगळ्यांनी पाहिलं असंच त्याला वाटलं.

त्या दिवसापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला कुठल्या वैद्याकडे औषध नव्हतं. घरी वड्याचं तेल वांग्यावर निघू लागलं. भाकरी करपलेली, आमटी अळणी, बायको बहिरी. रस्त्यात कुणी म्हटलं, “काय डोकं आहे हो सारजाचं!” की त्याच्या अंगाचा तिळपापड होई. ‘भोक पाडायला कसलं आलंय डोकं? भोकं उंदीरही पाडतो!’ असं तो मनात म्हणे आणि मग दिवसभर तेच घोकत बसे.

एका दुपारी गाव जेवून पडलं होतं. सटवाजी पारावर एकटाच होता. त्याने छोटा रहाट फिरवला. कट् कट्. ‘माझ्या खुंटीवर तिची मडकी नाचतात,’ तो पुटपुटला. ‘ही नसली म्हणजे कळेल एकेकाला. कुणाचा तरी रहाट उलटा फिरेल. मग धावत येतील, सटवाजीदादा, काय चुकलं? मी दोन ठोक्यात बसवून देईन.’

आणि त्याने आपलीच खुंटी उपसून कंबरेला खोचली. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात तो हा असा.

चार दिवसांनी सारजा त्याच्या दारात आली. तो रुसून घरीच बसलेला. पाराकडे फिरकतही नव्हता.

“सुतारदादा, छोटा रहाट बोलत नाही. तुमची खुंटी दिसत नाही तिथं. ती नाही तर माझ्या मडक्यांचा काय उपयोग? लवकर बसवा. माणसं येतात, बघून जातात.”

किती सरळ बोलली बिचारी! पण जळणाऱ्याला गार पाणीही चटका देतं.

“तुम्ही तुमची मडकी सांभाळा, सारजाबाई,” तो म्हणाला. “राखणदार अजून मी आहे. सवडीनं बघेन.”

सवड त्याला मिळाली नाही. पुढच्याच आठवड्यात एक माणूस धापा टाकत आला. सटवाजीची एकुलती लेक मैना दोन कोसांवरच्या गावात दिली होती. तिच्या सासरचा हा गडी.

“दादा, चला. मैनाताईंना रहाट लागला.”

सटवाजी अनवाणीच धावला.

मैना अंगणात बाजेवर पडली होती. उजवा हात कोपरापासून पट्ट्यांनी बांधलेला. “आबा, घाबरू नका,” ती म्हणाली, “जिवावरचं हातावर निभावलं.”

जावयाने सांगितलं, की जुना रहाट कुजला म्हणून नवा बसवला होता. बैल विसाव्याला थांबले, त्यांना सोडलं आणि रहाट उलटा फिरला. मैना वाशामागे गवत कापत होती.

सटवाजी विहिरीकडे गेला. दाते होते, वासा होता, मडकी होती. त्याला काय बघायचं होतं ते तिथं नव्हतं. तरी त्याने तिथल्या सुताराला विचारलं, “खुंटी कुठंय?”

“कसली खुंटी?” सुतार गोंधळला. माणूस तरुण होता, हा त्याचा पहिलाच रहाट. “तुमच्या पारावर बघून आलो की. छोट्यात नव्हती, म्हणून मोठ्यात नाही. तुम्ही त्या दिवशी नव्हता, नाहीतर विचारलं असतं.” मग तो हलक्या आवाजात म्हणाला, “मडक्यांना भोकं होती म्हणून वाचलो, दादा. बैल सोडेपर्यंत निम्मी रिकामी झाली होती. भरलेली असती, तर वासा ताईंच्या डोक्यात बसला असता.”

सटवाजीचा हात कंबरेकडे गेला. खुंटी तिथेच होती. तो विहिरीच्या काठावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. ज्या भोकांवर तो हसला होता, त्यांनीच त्याची लेक वाचवली होती. जी खुंटी त्याची होती, ती जागेवर नसल्याने लेकीचा हात मोडला होता.

गावी परतल्यावर त्याने सगळ्यांना पारावर बोलावलं. खुंटी सर्वांसमोर ठेवली आणि काही न लपवता सांगितलं. कुणी शिवी दिली, कुणी थुंकलं. तो मान खाली घालून उभा राहिला. राखणदारी गावाने त्याच्याकडून काढून घेतली आणि सारजाला दिली.

सारजाने खुंटी उचलली, पदराने पुसली आणि त्याच्यापुढे धरली.

“बसवा, दादा. रीत आहे. ज्याची त्यानं दुरुस्त करायची.”

सटवाजीने दोन ठोके घातले. सारजाने रहाट फिरवला. कट् कट्. मग थांबवला. छोट्या मडक्यांतून पाण्याच्या बारीक धारा लागल्या, आणि रहाट जागचा हलला नाही.

मैनेचा हात पुढे बरा झाला, पण सरळ कधी झाला नाही. अक्षय्यतृतीयेला ती माहेरी येई आणि सगळ्यांबरोबर पाण्यासाठी ओंजळ करू जाई, तेव्हा वाकड्या हातामुळे ओंजळ जुळत नसे. मग सटवाजी आपला एक हात तिच्या हाताला लावून ती पुरी करी. पहिलं पाणी आपल्याला मिळावं, असं त्याला पुन्हा कधी वाटलं नाही.

तात्पर्य : सर्वांच्या कामातून हेव्यापोटी आपला हात काढून घेणारा दुसऱ्याचं पाणी तोडायला जातो आणि आपल्याच माणसांचा घात करतो.