पंच्यातलं मीठ

“…पण या दोन्हींतला कुठला घेऊ, एवढं तरी सांगा.”

दौलतनं कयाकवर ताणायचे दोन्ही स्कर्ट कातळावर पसरून ठेवले. एक पातळ नायलॉनचा. दुसरा पाणबुडे घालतात तसल्या जाड रबरी कापडाचा.

कृपागिरी महाराज तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मीठ आणलंस?”

“भिजलं, महाराज.”

“कुठाय?”

“टाकलं… समुद्रात.”

महाराजांनी सुपातला एक खडा उचलला, निरखून पाहिला आणि बाजूला ठेवला.

“आणि मागच्या वेळचं?”

“तेही टाकलं.”

खाली खडकांच्या फटीत पाणी आत शिरत होतं, बाहेर पडत होतं.

दौलत निकम मूळचा माण तालुक्यातला. त्याच्या गावात विहिरीला पाणी लागलं की सगळा गाव बघायला लोटतो, आणि या गड्यानं नाव काढलं ते पाण्यावरच. पुण्यात साहसी खेळांच्या सामानाचं दुकान सांभाळता सांभाळता तो कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची चिंचोळी होडी, चालवायला शिकला आणि नदीवरच्या शर्यती जिंकू लागला. सामानातलं त्याला फार कळे. गिऱ्हाईक पायरी चढून वर येईपर्यंत त्याला काय लागणार ते दौलतनं ओळखलेलं असे, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघे.

गेल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ गेला. दौलत रडला नाही. आपण रडलो नाही याचा त्याला मनातून थोडा अभिमानही वाटला. इथून पुढे कसलंच काही अंगाला लागू द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं. ही विद्या पुरती शिकवील असा कुणीतरी हवा होता. कुणीतरी या बेटाचं नाव सांगितलं.

बेट म्हणजे किनाऱ्यापासून आत उभा असलेला काळा कातळ. वर एक समाधी, गोड्या पाण्याची विहीर आणि महाराजांची झोपडी. धक्का नाही, त्यामुळे होडी लागत नाही. दोन खडकांमधल्या चिंचोळ्या फटीतून कयाक तेवढी आत जाते. महाराजांची स्वतःची एक जुनी कयाक होती. तिच्यातून ते किनाऱ्यावर बाजाराला जात. यंदा मात्र त्यांचा खांदा धरला होता आणि हात वर होत नव्हता.

पहिल्या भेटीत दौलतनं पायांवर डोकं ठेवून अनुग्रह मागितला.

महाराज म्हणाले होते, पुढच्या खेपेला येताना मीठ आण, मग बोलू. आणि दोरीवर वाळत घातलेला आपला पंचा काढून त्याच्या हातात दिला. यात बांधून आण.

झालं. दौलतनं तो पंचा कपाळाला लावला. डबा नाही, पिशवी नाही, पंचा. लाटांमधून, पंच्यात बांधून, कोरडं मीठ. केवढी अवघड परीक्षा घातली आहे, या विचारानं त्याला रात्रभर झोप आली नाही. ‘कोरडं’ हा शब्द महाराजांनी उच्चारला नव्हता, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मुदतही होती. दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंत महाराज मौन पाळत. अनुग्रह मिळायचा तर त्याआधी.

किनाऱ्यावर अनसूयाकाकीच्या खाणावळीत तो उतरला होता. मीठ काकीकडूनच घेई. डब्यात घालून ने, असं काकीनं त्याला एकदा सुचवलं. तो नुसता हसला. हा विषय तिच्या आवाक्यातला नव्हता.

सगळा भरवसा आता स्कर्टवर होता. कयाकमध्ये बसायला जे भोक असतं, त्याच्या काठावर हे कापड ताणून बसवायचं आणि वरचा गळा आपल्या कमरेला आवळायचा. म्हणजे लाट अंगावर आली तरी पाणी आत जात नाही. गावातली पोरं त्याला घागरा म्हणत. घागरेवाले आले, असं ती दौलतला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणत.

पहिल्या खेपेला त्यानं नायलॉनचा लावला. वजनाला काही नाही, घडी केली तर खिशात मावतो. पण लाट आली की मांडीवर डबकं साचे, कापड मध्ये लोंबे आणि शिवणीतून थेंब थेंब आत गळे. दुसऱ्या खेपेला रबरी. तो ढोलकीच्या पुडीसारखा ताठ बसला, लाटा वरून घसरून गेल्या. पण कमरेशी जरा सैल होता, आणि एका बाजूला काठ खडकावर घासून चिरला. फटीत पोचल्यावर दोन्ही वेळा त्यानं पुरचुंडी सोडून पाहिली. दोन्ही वेळा मीठ ओलं. असलं मीठ गुरूपुढे कसं ठेवायचं? त्यानं ते तिथंच पाण्यात सोडलं…

महाराजांनी सूप खाली ठेवलं आणि रबरी स्कर्ट हातात घेतला. उलटा केला, काठावरून बोट फिरवलं. पुढच्या टोकाशी त्यांचं बोट थांबलं.

“ही दोरी?”

त्या टोकाला पट्टीचा एक फास शिवलेला असतो. कयाक उलटली तर तो ओढायचा. कापड काठावरून सुटतं आणि माणूस बाहेर येतो. दौलतनं तो आत दुमडून टाकला होता.

“बाहेर राहिली की फडफडते. तिच्याखालून पाणी शिरतं, महाराज.”

महाराजांनी दोरी बोटानं बाहेर ओढली.

“ही बाहेर असू दे.”

“आणि कापड? कुठलं घेऊ?”

“कापडातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

मग त्यांनी दोन वाडग्यांत पेज वाढली. दौलतनं पहिला घोट घेतला. पेज ठार अळणी होती. त्याचा ऊर भरून आला. जिभेवर केवढा हा ताबा, असं त्याच्या मनात आलं.

“कशी झालीय?” महाराजांनी विचारलं.

“अमृत.”

महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं.

“असं?”

दौलत पुण्याला जाऊन आला. ओळखीच्या कारागिरापुढे बसून त्यानं तिसरा स्कर्ट बेतून घेतला. कापड जाड रबरी, काठाला खडकाचा मार सोसेल अशी चिवट कापडाची पट्टी. शिवण चिकटवून वरून अशी घातली की सुई आरपार जाऊच नये. कमरेला एकाऐवजी दोन पट्टे. दोरी बाहेर ठेवली, कारण महाराजांनी सांगितलं होतं. मनाला ते पटलं नव्हतं.

निघताना तो वाळूत उतरलाच नाही. खडकावर बसून पाय पुसले आणि मगच आत शिरला. पुरचुंडी मांडीवर. त्या दिवशी लाटा येऊन येऊन थकल्या. फटीत शिरून त्यानं स्कर्ट सोडला तेव्हा बसायची जागा कोरडी, विजार कोरडी.

त्यानं गाठ सोडली.

मीठ ओलं होतं. पंचा खालून दमट झाला होता.

त्यानं स्कर्ट उलटासुलटा करून पाहिला, शिवण न् शिवण दाबून पाहिली. कुठं काही नव्हतं. वर कातळाच्या कडेला महाराज येऊन उभे राहिले होते, कपाळावर आडवा हात धरून. दौलतनं वर पाहिलं नाही. मीठ पाण्यात सोडलं आणि कयाक मागे फिरवली.

दुपारी खाणावळीत आमटी जरा कमी खारट लागली म्हणून त्यानं मीठ मागितलं. काकीनं बरणी पुढे सरकवली. मीठ ओलंगच्च, चमचा आत रुतून बसलेला.

बरणीचं झाकण नीट लागत नाही, बदलून घ्या, असं दौलतनं सांगितलं. झाकणातलंही त्याला कळत होतं.

“झाकण बदलून काय व्हतला?” काकी म्हणाली. “ह्या दिवसांत मिठाक पाणी सुटताच.”

“सुटतं? आपोआप?”

“मगे काय मी ओततंय?”

दौलतचा चमचा हातात तसाच राहिला. त्याच्या घरी बरणीतलं मीठ बारा महिने खुळखुळत असे. आई झाकण लावायचीही विसरायची.

मग काकीनं महाराजांच्या मिठाचं विचारलं. वाण्याकडून खास मोठे खडे मागवून ती दर वेळी बांधून देत होती. दौलतनं काय झालं ते सांगितलं. तिन्ही वेळचं सांगितलं. काकीनं हातातला डाव खाली ठेवला.

“महाराज थंय अळणी पेज जेवतत… आणि तू मीठ दर्यात टाकून येतंस?”

“परीक्षा आहे, काकी.”

“कोणाची रे?”

पानावरची आमटी निवून गेली तरी दौलत तसाच बसून होता.

दुसऱ्या दिवशी नवमी. म्हणजे शेवटचा दिवस. सकाळपासून वारा फिरला होता आणि होड्या वर ओढलेल्या होत्या. आज जाऊ नको, असं काकीनं दोनदा बजावलं. पण मीठ बांधून दिलंच.

दौलत निघाला. पाय पुसायचे राहिले. कमरेचे दोन्ही पट्टे आवळले की एकच, तेही त्याला आठवेना. सवयीनं बोटं पुढच्या दोरीकडे गेली, तिला आत दुमडायला. मग त्यानं ती तशीच राहू दिली.

फटीपर्यंत सगळं ठीक होतं. फटीत शिरताना मागून लाट उठली. तिनं कयाक उचलली, आडवी केली, वल्हं खडकावर आपटून हातातून सुटलं. आणि दौलत उलटा झाला.

हिरवा काळोख. नाकात पाणी. नदीवर असता तर वल्ह्याच्या एका फटक्यात तो कयाकसकट सरळ झाला असता. इथं वल्हं नव्हतं, आणि डोक्याला खडक लागत होता. त्यानं पाय ओढले. पाय सुटेनात. स्वतः बेतलेला स्कर्ट होता तो. काठाला चिवट, कमरेला घट्ट, कुठं एक टाका ढिला नाही. तो त्याला सोडत नव्हता.

त्याचा हात काठावरून पुढे सरकत गेला. दोरी बाहेर होती.

त्यानं ती ओढली…

वर आला तेव्हा एक हात कयाकला होता आणि दुसऱ्या हातात पुरचुंडी. ती कधी धरली, त्याला सांगता आलं नसतं. खोकत खोकत त्यानं कयाक खडकांत वर ओढली. गुडघा फुटला होता. त्यानं गाठ सोडून पाहिलं. काकीनं बांधलेल्या मोठ्या खड्यांतला एकही उरला नव्हता. नुसता निथळणारा पंचा.

त्याचा हात पाण्याच्या दिशेनं गेला. मग परत आला. पंच्याची पुन्हा घडी घालून तो पायऱ्या चढू लागला.

महाराज चुलीपाशी होते. पेजेला कढ आला होता. दौलतनं पंचा त्यांच्यापुढे ठेवला.

“मीठ आणलंय,” तो म्हणाला. “पण… राहिलं नाही.”

महाराजांनी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग पंचा उचलला. एका हातानं पिळता येईना, तेव्हा त्याचं एक टोक त्यांनी दौलतपुढे धरलं.

“धर.”

दौलतनं धरलं. दोघांनी मिळून मडक्यावर तो पंचा पिळला. तो इकडून, ते तिकडून. धार पेजेत पडली. मग थेंब. मग तेही थांबले. महाराजांनी डावानं पेज ढवळली आणि दोन वाडगे भरले.

बाहेर वारा होता. दोघं जेवत होते. उद्या दसरा, हे दौलतला आठवत होतं, पण त्यानं काही मागितलं नाही.

“कशी झालीय?” महाराजांनी विचारलं.

दौलतनं आणखी एक घोट घेतला. थांबला.

“खारट झालीय, महाराज.”

महाराजांनी वाडगा तोंडाला लावला, संपवला आणि खाली ठेवला. पंचा झटकून त्यांनी दौलतच्या खांद्यावर टाकला.

“उद्या थोडं कमी आण.”