कासव समुद्राला निघालं

बागांमध्ये पंप नवीन होते, त्या काळची गोष्ट. एका बागेत माणसांनी दगड रचून झरा तयार केला. तिथल्या म्हाताऱ्या कासवाने जाहीर केलं, "वाहतं पाणी समुद्रालाच जातं. मी निघालो!" निरोप देताना बेडकीण रडली.

घसरत घसरत कासव झऱ्याच्या तळाशी, टाक्यात पोचलं. "हाच का समुद्र?" त्याने तिथल्या माशाला विचारलं.

"नाही हो काका. इथलं पाणी पंप पुन्हा वर चढवतो. तेच खाली येतं."

कासवाचं तोंड उतरलं. ते काठाकाठाने वर परतलं.

"काका, कसा होता समुद्र?" बेडकिणीने विचारलं.

थाप ओठांवर आली होती, पण त्याला स्वतःचंच हसू फुटलं. "कसला समुद्र, बाई! मी मोठ्या विश्वासाने पाण्याच्या मागे गेलो, आणि पाणी आपलं घरी परत चाललं होतं!"