येसबाच्या विहिरीचा हुंकार

फार वर्षं झाली याला. खडकेवाडीत तेव्हा प्यायला पाणी नव्हतं, आणि येसबा नावाचा एक माणूस एकटाच विहीर खणत होता. ती इतकी खोल गेली होती, की तळातून भर दुपारी चांदण्या दिसत, असं म्हणतात. पाण्याचा मात्र पत्ता नव्हता. येसबाला ना बायको, ना पोर. जमिनीच्या पोटात राहून राहून त्याची बोलायची सवयच मोडली होती.

मग त्याची धाकटी बहीण हौसा वारली आणि तिची बापावेगळी लेक तानू मामाकडे आली. पोर रडेना, बोलेना. मामा खाली खणायचा, ती वर काठावर बसून राहायची. तिला जीव कसा लावावा, हे त्या बापड्याला कळेना. म्हणून तो तळातून गोष्टी सांगू लागला, राजाच्या, वाघाच्या. पण गावाची रीत अशी, की ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे न्यायची नाही. तानू हुंकार देईना. येसबा थांबायचा, वर बघायचा आणि मुकाट्याने पहार उचलायचा. सगळे राजे अर्ध्या वाटेतच राहिले. हौसाचं नाव तो चुकूनही काढत नसे. पोर आणखी कोमेजेल, ही धास्ती. तिथंच त्याचं चुकत होतं.

एके दिवशी त्याच्याजवळच्या गोष्टी सरल्या. त्यालाच बहिणीची फार आठवण आली.

“तानू, तुझी आय एवढीशी व्हती तवा माझी भाकर घिऊन आशीच हिरीत उतरली. निम्म्यात भाकर सुटली ती माझ्या टकुऱ्यावर. वर मलाच दटावती, खाली कशाला हुबा ऱ्हायलास?”

येसबा सवयीने थांबला. वरून बारीक आवाज आला, “हूं.”

येसबा पहार टाकून वर बघतच राहिला.

“मामा, मग? भाकर कुनी खाल्ली?”

“दोगांनी,” येसबा म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. त्याचे अश्रू पडले तिथेच खडक फुटला आणि झरा लागला, असं म्हणतात.

पुढे येसबा गेला. त्या दिवशी तानू एकटीच काठावर बसली आणि तिने विहिरीला मामाची गोष्ट सांगितली. निम्म्यात ती थांबली, तेव्हा तळातून हुंकार आला, असं म्हणतात.

अजूनही खडकेवाडीत आईबापांवेगळं पोर नातलगांकडे आलं, की त्याला त्या काठावर बसवतात. घरातलं कुणीतरी पायऱ्या उतरून खाली जातं आणि त्याच्या आईची नाहीतर बापाची गोष्ट सांगू लागतं. मग थांबतं. ऊन उतरतं, घरी भाकऱ्या गार होतात. पण पोराचा हुंकार येईपर्यंत खालचं माणूस वर येत नाही.