खाच गेली कुठे?

हत्यारं आपसात बोलायची, त्या काळची गोष्ट. फौजेतला एक जुना सुरा बाबालाल शिकलगाराच्या दुकानात दुरुस्तीला आला. त्याच्या पात्याला मधोमध खाच पडली होती. धार लावायच्या दगडाला तो म्हणाला, “ही खाच तेवढी भरून दे. बाकीची धार चांगली आहे, तिला हात लावू नकोस.”

“खाच भरता येत नाही रे. चांगली धारच झिजवावी लागते.”

“तिनं का झिजायचं?”

दगडाला कुतूहल वाटलं. “तुमच्या तुकडीत एखादा लंगडायला लागला, तर तुम्ही काय करायचात?”

“सगळे त्याच्या चालीनं चालायचो,” सुरा म्हणाला. मग आपणहून दगडावर आडवा झाला.

बाबालालनं चाक फिरवलं. पातं लखलखलं. सुऱ्यानं वळून वळून पाहिलं. “खाच गेली कुठे?”

“कुठेच नाही,” दगड म्हणाला. “तुझी बाकीची धार तिच्यापाशी आली.”