गोदूआक्काचा हुंकार

“पण आबा, आपण मध्येच का थांबलात?”

कौस्तुभनं घाईघाईनं आबांचा माइक बंद केला आणि मगच विचारलं. लॅपटॉपच्या पडद्यावर शे-सव्वाशे चेहरे चौकटीत बसून वाट बघत होते. आबांची गुरुवारची कथा कोयनाकाठच्या मठीतून आता अशी घरोघर जायची. ती पोचवायचं काम कौस्तुभचं. पुण्याची नोकरी सोडून आबांपाशी शिकायला आलेला हा हुशार गडी, आणि या कामाचा त्याला भारी अभिमान.

“विसरलात का?”

“आठवतंय सगळं. पुढं सरकत नाही... गेले कित्येक गुरुवार.”

“आता तर काही व्यत्ययही नाही, आबा. मी सगळ्यांना म्यूट करून ठेवतो. कुकरची शिट्टी नाही, पोरांचं रडणं नाही. अशी शांतता देवळातसुद्धा मिळायची नाही.”

आबा पडद्याकडे बघत राहिले.

“गोदूआक्का दिसत नाही.”

कौस्तुभ गडबडला.

गोदूआक्का म्हणजे पाटणच्या डोंगरातली एक म्हातारी. आबांचं वाक्य संपलं की ती जुन्या रीतीनं हुंकार द्यायची, “हूं... मग वं?” तिनं हूं केलं की पडद्यावर आबांच्या जागी तीच मोठी दिसायची. म्यूट केलं तरी कुठलं तरी बटण दाबून ती परत हजर.

“ती वेटिंग रूममध्ये आहे.”

“म्हणजे कुठं?”

“म्हणजे... दारात. मी घेतलं की आत येता येतं.”

“आणि नाही घेतलंस तर?”

“बसून राहते. कथा संपेपर्यंत.”

“आजच?”

कौस्तुभ लॅपटॉपची वायर सारखी करू लागला.

“दर गुरुवारी?”

“आबा, मी होस्ट आहे. शिस्त ठेवावी लागते.”

“होस्ट म्हणजे काय रे, मराठीत?”

“यजमान.”

“अस्सं...”

आबा उठले. काठी टेकत बाहेर गेले आणि मठीच्या पायरीवर जाऊन बसले.

कौस्तुभ मागोमाग धावला.

“आबा, लोक खोळंबलेत. आत या ना.”

“यजमानानं घेतलं तर येईन.”

“तुम्हाला कोण अडवणार?”

“तिला अडवलंसच की.”

कौस्तुभचा चेहरा उतरला. तो परत लॅपटॉपपाशी गेला. गोदूआक्काचं नाव तिथं होतंच. त्यानं तिला आत घेतलं, मग सगळ्यांचेच आवाज खुले केले.

पडद्यावर अर्धं कपाळ आणि एक डोळा दिसला.

“आक्का, मी कौस्तुभ. माझं चुकलं. मीच तुम्हाला बाहेर ठेवलं होतं.”

“आसूं दे रं लेकरा. मला वाटलं, आबास्नीच माझं हूं हूं नगं झालंय. दर गुरवारी वाटायचं, आता कशाला बसायचं... पर बसायची. आज घेतलंस, लई उपकार झालं बघ.”

कौस्तुभला रडू आलं. ते त्यानं लपवलंही नाही.

आबा आत आले. पडद्याला हात जोडले.

“तर नावाडी काठाला लागला...”

“हूं... मग वं?”

अडलेली कथा सुटली. कुणाच्या तरी घरी कुकरनं शिट्टी दिली. सांगलीत एकीनं दूधवाल्याला दोन लिटर सांगितलं. कुवेतमधला एक जण खो खो हसला, आणि ते ऐकून बाकीचेही हसले. हळूहळू चारपाच जण गोदूआक्काच्या जोडीनं हुंकार देऊ लागले. त्यात आबांची कितीतरी वाक्यं बुडाली. कौस्तुभचा हात म्यूटच्या बटणाकडे जायचा आणि मुकाट मागे यायचा.

वेळ संपली. नावाडी अजून घरी पोचला नव्हता. तरी निरोप घेताना जो तो म्हणत होता, “आबा, आज फार बरं वाटलं.”

पडदा काळा झाला. आबांचे हात जोडलेलेच होते.

कौस्तुभ चाचरत म्हणाला, “आबा, आज कथा अर्धीच झाली...”

“माझ्यापाशी अर्धीच असते, बाळा.”