माळिणीची मांजर आणि धान्याचे कोठार

पूर्वी शुभावती नगरीत भद्रसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्माला आला होता. त्याचे नाव सुनंद.

पेठेतल्या धान्यवाल्यांची एक रीत होती. नवे मांजर आणले की त्याचे पंजे कोंड्यात बुडवायचे, त्याला कोठाराच्या दारात सोडायचे आणि घराचे दार लावून घ्यायचे. घरात दूध मिळाले की मांजर उंदरांना विसरते, असा त्यांचा ठाम समज होता. मांजरांना अर्थात कोणी विचारले नव्हते.

सुनंदाच्या शेजारी पुण्णा नावाची म्हातारी माळीण राहत असे. मरताना तिने आपली जुई नावाची मांजर त्याच्या हवाली केली. "हिला सांभाळ रे बाबा," एवढेच ती म्हणाली. जुई फुलांच्या टोपल्यांत वाढलेली होती. तिने कधी अंगणसुद्धा पाहिले नव्हते.

त्या वर्षी उंदरांनी कोठारात उच्छाद मांडला होता. सुनंद खरेदीसाठी परगावी जाताच त्याची बायको कुमुदा हिने रीतीप्रमाणे जुईला बाहेर सोडले. कुमुदा दुष्ट नव्हती. घर नीट चालावे म्हणून झटणारी बाई होती ती.

सुनंद परतला तेव्हा कडाक्याची थंडी होती. जुई कोठाराच्या पायरीखाली अंग चोरून बसली होती. बोक्याने तिचा कान फाडला होता, अंगाची काडी झाली होती, आणि उंदीर तिच्यासमोरून खुशाल पोत्यांकडे चालले होते. सुनंदाने उचलले तरी ती ओरडली नाही.

"अहो, होईल तिला सवय," कुमुदा म्हणाली. "मांजराची जात ती. चार भिंतींत कोंडणं तरी बरं का? आणि धान्य कोण राखणार?"

"धान्य गेलं तर आपण थोडं कमी खाऊ. पण असं ठेवलं तर ही मरेल," सुनंद म्हणाला. "बाकीची मांजरं उघड्यावर जन्मली. हिला फक्त म्हातारीची मांडी माहीत." मग तो हळूच म्हणाला, "कुमुदा, तू नदीपलीकडून नवी नवी इथे आलीस, तेव्हा आईही 'होईल तिला सवय' असंच म्हणायची ना?"

कुमुदाने कोठाराकडे पाहिले. त्या दिवसांत ती याच कोठारामागे जाऊन रडत असे.

"सवय झाली हो," ती म्हणाली. "पण तोवर कोणी जवळ घेतलं असतं तर!"

आणि तिने जुईला त्याच्या हातांतून घेऊन पदराखाली धरले.

"दार मात्र उघडं ठेवू," सुनंद म्हणाला. "वाटेल तेव्हा तिची ती जाईल."

पुढे जुई उंबऱ्यावर ऊन खात बसे आणि परत आत येई. उंदरांनी बरेच धान्य फस्त केले. पेठ सुनंदाला हसली, आणि तोही हसला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली. सुजात नावाचा एक सुकुमार तरुण तिथे नुकताच भिक्षू झाला होता. सवय व्हावी म्हणून ज्येष्ठ भिक्षू स्थविर मेघिलांनी त्याला पहिल्याच दिवशी झाडाखाली राहायला पाठवले होते, आणि तो तापाने फणफणला होता.

"भिक्षूंनो," शास्ते म्हणाले, "तेव्हाची माळीण ही आज सुजातची आई आहे. जुई म्हणजे सुजात, कुमुदा म्हणजे आपले मेघिल, आणि सुनंद मीच होतो."

मेघिल उठले. स्वतःची घोंगडी काखेत मारून ते झाडाकडे निघाले.

त्यांच्याकडे पाहत शास्ते म्हणाले, "जीवमात्रावरच्या या मायेलाच मैत्री म्हणतात."